टाक्याचं पाणी, ओढ्याचं पाणी: मुंबईहून ट्रेकला जाणाऱ्यांनी फिल्टर कसा निवडावा

सप्टेंबरातल्या एका ट्रेकनंतर महिन्याभराने सकाळी दात घासताना आरशात माझे डोळे हळदीसारखे दिसले. आठवडाभर जेवणाचा वाससुद्धा नको झाला होता, पण मी ते ऑफिसच्या दगदगीवर ढकललं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "बाहेरचं पाणी प्यायलात का?" मी तोऱ्यात सांगितलं, "ओढ्याचं प्यायलो, पण फिल्टर करून." रिपोर्ट आला, हिपॅटायटिस ए. पुढचे तीन आठवडे मऊ भातावर काढले आणि फिल्टर घेण्याआधी जे वाचायला हवं होतं ते पडल्या पडल्या वाचलं.

ती कावीळ त्या ओढ्याचीच होती असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. त्याच आठवड्यात स्टेशनबाहेर भेळही चापली होती. पण माझा फिल्टर त्या विषाणूला अडवूच शकत नव्हता हे मला माहीत नव्हतं, आणि ते माहीत असायला हवं होतं. फिल्टरबद्दलचा बहुतेक सल्ला अमेरिकेतल्या डोंगरांवरून येतो. तिथे ओढ्याच्या वर मैलोनमैल वस्ती नसते. आपल्या सह्याद्रीत ओढ्याच्या वर वाडी, वाडीच्या वर गुरं आणि गुरांच्याही वर रविवारी गेलेले आपण. त्यामुळे तिकडचा सल्ला इथे अर्धाच लागू पडतो. उरलेला अर्धा खाली देतो.

१. आधी ट्रेक ठरवा, मग फिल्टर

दुकानात जाण्याआधी पुढच्या वर्षभरात कुठे जाणार याचा अंदाज घ्या. पायथ्याच्या गावात घरगुती जेवण, वर दोन तास आणि संध्याकाळच्या लोकलने परत, असं असेल तर फिल्टरची गरजच नाही. घरून तीन लिटर पाणी न्या. आपल्याकडे नळाला येणारं पाणी भातसा, वैतरणा, तानसाचं, म्हणजे सह्याद्रीच्या कुशीतलंच, आणि भांडुप-पांजरापूरला शुद्ध होऊन आलेलं. ते सोडून डोंगरात दुसरं शोधायची हौस कशाला?

फिल्टर लागतो मुक्कामाच्या ट्रेकला. अलंग-मदन-कुलंगसारख्या ठिकाणी माथ्यावर वस्ती नाही, दुकान नाही, तिथे सगळी भिस्त कातळात खोदलेल्या टाक्यांवर. हरिश्चंद्रगडावर, गोरखगडावर, नाणेघाटातही टाकी आहेत, पण सगळीच पिण्याजोगी नसतात. कुठलं टाकं पिण्याचं हे पायथ्याच्या गावात विचारूनच वर चढा. गावकरी "त्या दुसऱ्याचं घ्या, पहिल्याचं नको" म्हणाले तर वाद घालू नका, कारण पहिल्यात काय पडलं होतं ते त्यांनी पाहिलेलं असतं.

ऋतूही महत्त्वाचा. पावसाळ्यात ओढे वाहते असतात पण गढूळ. ऑक्टोबर ते जानेवारी पाणी स्वच्छ आणि भरपूर. होळीनंतर टाकी खाली जातात, पाण्यावर हिरवी साय धरते आणि डासांच्या अळ्या वळवळताना दिसतात. फिल्टर तोच, पण जुलैत आणि एप्रिलमध्ये त्याला पडणारं काम अगदी वेगळं.

२. पाण्यात कोण आहे ते समजून घ्या

हा टप्पा सोडून पुढे जाऊ नका. मी सोडला होता.

पाण्यातली रोगाची मंडळी आकाराने तीन प्रकारची. सगळ्यांत मोठे एकपेशीय परजीवी: जिआर्डिया, अमीबा, क्रिप्टोस्पोरिडियम. हे काही मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यांच्याहून लहान जिवाणू: कॉलरा, टायफॉइड, ई-कोलाय. सगळ्यांत बारीक विषाणू: हिपॅटायटिस ए आणि ई, रोटाव्हायरस. हिपॅटायटिस ए चा विषाणू जेमतेम ०.०३ मायक्रॉनचा असतो. ट्रेकिंगच्या बहुतेक फिल्टरांची छिद्रं ०.१ किंवा ०.२ मायक्रॉनची. म्हणजे पहिले दोन प्रकार अडकतात आणि तिसरा, गव्हाच्या चाळणीतून रवा पडावा तसा, खाली येतो.

मुंबईकरांच्या ओळखीचा आणखी एक पाहुणा म्हणजे लेप्टो. त्याचा जिवाणू लांबीला बराच असला तरी जाडीला ०.१ मायक्रॉनच्या आसपास, आणि मळसूत्रासारखा पिळदार. तो ०.२ मायक्रॉनच्या छिद्रातून वळवळत पार होऊ शकतो. उंदीर आणि गुरांच्या मुतातून तो पाण्यात येतो. पावसाळ्यात वाडीखालच्या ओढ्यात काय असू शकतं, विचार करा.

जे विरघळलेलं आहे ते साध्या फिल्टरने निघत नाही. शेतावर मारलेली औषधं, खतं, मीठ, सगळं तसंच खाली येतं. जुन्नर किंवा नाशिककडे द्राक्षबागा, टोमॅटोच्या शेतांखालून येणारा ओढा कितीही नितळ दिसला तरी तिथे बाटली भरू नका.

आणि तो टीडीएस मीटर घरीच ठेवा. आमच्या ग्रुपमध्ये एकजण प्रत्येक टाक्यात तो बुडवून "पंचेचाळीस! एकदम प्युअर!" असं जाहीर करायचा. टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार. पावसाच्या पाण्यात ते कमीच असणार. त्यात शेण कालवलेलं आहे का हे तो मीटर सांगत नाही.

३. बाजारात काय मिळतं

पिळायचा फिल्टर. सॉयर स्क्वीझ, कॅटडाइन बीफ्री या जातीचा. आत पोकळ धाग्यांची जुडी असते, पिशवीत पाणी भरायचं, वर फिल्टर फिरवून बसवायचा आणि पिळायचं. वजन शंभर ग्रॅमच्या आत. एकट्यादुकट्यासाठी माझी पसंती यालाच. याची छोटी आवृत्तीही मिळते, पण ती इतकी हळू चालते की एक लिटर गाळेपर्यंत बाकीचे पुढे निघून गेलेले असतात. तीस-चाळीस ग्रॅम वाचवायला जाऊ नका.

नळी. लाइफस्ट्रॉसारखी, थेट पाण्यात घालून ओढायची. आपल्याकडे ही जवळजवळ निरुपयोगी. टाक्यातलं पाणी काठापासून दोन-तीन हात खाली असतं. पालथं पडून, कोणीतरी पाय धरून ठेवलेत आणि तुम्ही नळीने पाणी ओढताय, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. शिवाय स्वयंपाकाला पाणी कुठून आणणार?

दाबायची बाटली. ग्रेलसारखी, फ्रेंच प्रेसच्या तत्त्वावर. एका बाटलीत मळकं पाणी, दुसरी त्यात दाबायची. ही विषाणूसुद्धा पकडते, आतल्या कार्बनमुळे वासही जातो. पण मोठी बाटली रिकामीच जवळपास साडेचारशे ग्रॅम, एका दाबात पाऊण लिटरही निघत नाही, आणि तिचं आतलं गाळायचं काडतूस साधारण अडीचशे लिटरनंतर बदलावं लागतं. पैशांची चणचण नसेल आणि एकट्याने फिरत असाल तर उत्तम. आठ जणांना पाजायचं असेल तर दाबून दाबून दंड भरून येतील.

यूव्ही पेन. अतिनील किरणांनी जंतू मारणारा. विषाणू, जिवाणू सगळ्यांवर चालतो, पण पाणी नितळ हवं. गढूळपणाच्या आड लपलेल्या जंतूपर्यंत किरण पोचत नाहीत. शिवाय बॅटरी. डिसेंबरच्या रात्री मोबाइलची बॅटरी कशी ढेपाळते ते माहीत असेलच.

टांगायची पिशवी. झाडाला मळक्या पाण्याची पिशवी टांगायची, नळीला मध्ये फिल्टर, खाली स्वच्छ पाणी आपोआप. ग्रुपसाठी हीच. दहा जणांचा मुक्काम म्हणजे पिण्याचंच तीस लिटर. ते हाताने पिळत बसलात तर सूर्यास्त हुकणार.

आता माझा हिशोब. पिळायचा किंवा टांगायचा ०.१ मायक्रॉनचा फिल्टर, आणि त्यानंतर क्लोरीन. पुढचा टप्पा त्याचाच.

४. फिल्टरनंतर क्लोरीन

क्लोरीन विषाणूंना आणि लेप्टोला मारतं, पण क्रिप्टोस्पोरिडियम त्याला दाद देत नाही. फिल्टरचं नेमकं उलटं. दोघांना एकापाठोपाठ लावलं की दोघांच्याही फटी बुजतात. कावीळ झाल्यापासून मी एकही बाटली या जोडीशिवाय प्यायलेलो नाही.

यासाठी परदेशी माल मागवायची गरज नाही. मेडिकलवाल्याकडे मेडिक्लोरची छोटी बाटली मिळते, पूर आला की घरोघरी वाटतात तीच. नाहीतर क्लोरीनच्या गोळ्या. गोळी घेताना ती किती लिटरसाठी आहे ते पाकिटावर वाचा. एक लिटरची, पाच लिटरची आणि वीस लिटरची गोळी घाईत सारखीच वाटते. वीस लिटरची गोळी एका बाटलीत टाकलीत तर स्विमिंग टँक प्यायल्यासारखं वाटेल. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर मात्र बाटलीसाठी वापरू नका, तिचं प्रमाण अंदाजाने जमत नाही.

क्रम लक्षात ठेवा: आधी गाळायचं, मग क्लोरीन. मळक्या पाण्यात टाकलेलं क्लोरीन त्या मळाशीच भांडण्यात खर्च होतं. टाकल्यावर बाटली हलवा, झाकण थोडं सैल करून दोन थेंब आट्यांवरूनही जाऊ द्या आणि तीस मिनिटं थांबा. पाणी थंडगार असेल तर त्याहून जास्त.

इथे एक सापळा आहे. क्लोरीनचा वास नको म्हणून लोक लगेच लिंबू पिळतात नाहीतर सरबताची पावडर टाकतात. 'क' जीवनसत्त्व क्लोरीनला निकामी करतं. वास गेला, म्हणजे औषधही गेलं. अर्धा तास पूर्ण होऊ द्या, मग हवं तेवढं लिंबू पिळा.

उकळणं हा यावरचा पक्का पर्याय. कळसूबाईचा माथा १,६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्रात तुम्ही कुठेही असा, खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं. पण दहा जणांचं तीस लिटर उकळायला किती गॅस जाईल, आणि अभयारण्यात चूल पेटवता येत नाही, हे ध्यानात घ्या. चहा, भात, खिचडी यांचं पाणी तसंही उकळणारच आहे, त्यासाठी क्लोरीन वाया घालवू नका.

५. गढूळ पाणी थेट फिल्टरात ओतू नका

फिल्टर वर्षानुवर्षं चालेल असं खोक्यावर लिहिलेलं असतं. ते नितळ पाण्याचं. जुलैत राजमाचीच्या वाटेवर मी लाल ओढ्याचं पाणी सरळ पिशवीत भरलं आणि जोर लावून पिळायला घेतलं. पहिला लिटर निघाला. दुसऱ्याला धार बोटाएवढीची करंगळीएवढी, मग थेंब थेंब. मी आणखी जोर लावला आणि फिल्टरबरोबर आलेली पिशवी शिवणीवर फाटून ते लाल पाणी माझ्या आणि शेजारच्याच्या मांडीवर. तो अजून ते विसरलेला नाही.

उपाय आजीच्या काळचा. जुन्या सुती लुगड्याचं किंवा धोतराचं फडकं घ्या, किमान चार घड्या करा आणि पाणी आधी त्यातून गाळा. नवं कापड नको, वापरून धागे फुगलेलं जुनंच चांगलं. याला नुसता घरगुती उपाय म्हणून हसू नका. बांगलादेशातल्या खेड्यांत जुन्या साडीने पाणी गाळल्यावर कॉलऱ्याचे रुग्ण जवळपास निम्मे झाले, तो अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. कॉलऱ्याचे जिवाणू पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटून असतात, किडे कापडात अडकले की त्यांच्यावर बसलेलेही अडकतात. आपल्याकडचा नारू हा जंतही अशाच किड्यांतून पोटात जायचा. तो महाराष्ट्रातही होता, आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला त्यात पाणी गाळायच्या फडक्याचा मोठा वाटा आहे.

मुक्काम असेल तर आणखी सोपं. रात्री पातेल्यात पाणी भरून तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवा आणि झाकून ठेवा. सकाळी गाळ तळाशी बसलेला असतो. वरचं पाणी अलगद काढून फिल्टरला द्या. पूर्वी यासाठी निवळीची बी उगाळून टाकत, आता ती आयुर्वेदिक दुकानात विचारावी लागते.

६. मळकी बाटली आणि चांगली बाटली

मळक्या पाण्याच्या पिशवीला लाल चिकटपट्टी लावा आणि ती पिशवी आयुष्यभर मळकीच राहील. "आता धुतली आहे ना" चालत नाही. फिल्टरच्या तोंडाला मळका हात लावायचा नाही. अंधारात, दमल्यावर, पाच जणांच्या सारख्या दिसणाऱ्या बाटल्यांत इथेच घोळ होतो.

७. पिशवी, आटे आणि दोरी

फिल्टरबरोबरची पिशवी फाटणार हे गृहीत धरा. सॉयर जातीच्या फिल्टरला २८ मिलिमीटरच्या आट्यांची बाटली लागते. कोल्ड्रिंकची बाटली सहसा बसते आणि पिशवीपेक्षा दणकट असते. पाण्याच्या बाटल्यांचं मात्र काही सांगता येत नाही, कित्येकींचं बूच बुटकं, आटे वेगळे. घरी फिरवून, उलटी धरून, दाबून बघा. बसली असं वाटतं आणि कडेने मळकं पाणी थेट चांगल्या बाटलीत गळतं.

टाक्यातून पाणी काढायला वरचा भाग कापलेली बाटली आणि पाच-सहा मीटर नायलॉनची दोरी ठेवा. कापलेल्या कडेला दोन भोकं, दोरीची कडी, झाला पोहरा. कुलंगवर फेब्रुवारीत आम्ही असाच पोहरा सोडला होता. वर एक मेलेली मधमाशी आणि पानांचा थर तरंगत होता. तो थर पोहऱ्याच्या बुडाने हळूच बाजूला सारायचा, पोहरा तिरका करून हातभर खाली न्यायचा आणि तिथे भरू द्यायचा. वरचं उचललंत तर माशी येते, तळाला टेकवलात तर गाळ. टाक्यात उतरून हात-पाय धुणाऱ्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही, छापता येणार नाही.

८. घरी एकदा तालीम

कसाऱ्याच्या शेवटच्या लोकलमध्ये खोका फोडू नका. आदल्या रविवारी मोरीत बसून दोन लिटर गाळा आणि घड्याळ लावा. ताजा फिल्टर किती वेळ घेतो हे माहीत असलं की तो तुंबायला लागल्याचं पुढे लगेच कळतं.

फिल्टर ओला झाला की त्यात तोंडाने फुंकर मारून बघा. धागे शाबूत असतील तर ओल्या फिल्टरमधून हवा पार होत नाही. हवा सहज गेली तर आतला धागा तुटलाय, तो फिल्टर आता शोभेचा. कातळावर जोरात पडला की असं होऊ शकतं, आणि बाहेरून चराही दिसत नाही.

मे महिन्यात हिमालयात जाणार असाल तर वापरलेला फिल्टर गोठू देऊ नका. आतलं पाणी गोठून फुगलं की धागे फुटतात. रात्री झिपलॉकमध्ये घालून स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी घ्या.

९. सॅकमध्ये काय काय

- फिल्टर आणि दोन मळक्या पिशव्या, एक जादा
- क्लोरीन, मुदत तपासून
- सुती फडकं आणि तुरटीचा खडा
- कापलेली बाटली आणि दोरी
- लाल चिकटपट्टी
- फिल्टर धुवायची सिरिंज, मुक्काम दोन रात्रींहून जास्त असेल तर
- ओआरएसची चार पाकिटं, कारण इतकं करूनही कोणाचं तरी पोट बिघडतं
- घरून भरलेलं दोन लिटर पाणी

टाकं आटलेलंही असू शकतं, त्यामुळे शेवटची ओळ खोडू नका.

१०. परत आल्यावर

रविवारी रात्री घरी पोचल्यावर अंग मोडून आलेलं असतं आणि सॅक तशीच कोपऱ्यात पडते. निदान फिल्टर तरी बाहेर काढा. सिरिंजमध्ये नळाचं स्वच्छ पाणी भरून चांगल्या बाजूने उलटं जोरात मारा. पहिल्या दोन-तीन वेळा चहासारखं पाणी येईल. नितळ येईपर्यंत मारत राहा. काही फिल्टरना सिरिंज लागत नाही, पाण्यात खळखळ हलवले की मळ सुटतो, तुमच्या फिल्टरचं काय ते कागदावर वाचा. शेवटी क्लोरीन घातलेलं पाणी एकदा आतून जाऊ द्या आणि हवेशीर जागी आठवडाभर वाळवा. ओलाच झाकण लावून ठेवलात तर पुढच्या महिन्यात वास मारतो. वाळून कडक झाला आणि पाणी सोडेना तर कोमट पाण्यात तासभर बुडवा, उकळत्या पाण्यात कधीच नाही.

माझा फिल्टर ताटाळ्यात वाळतो, चमच्यांच्या शेजारी. सिरिंज मात्र आईने तिथून हलवायला लावली. गेल्या खेपेला मावशी आल्या होत्या, त्यांनी ती पाहिली आणि घरात कोणाला डायबेटिस झाला म्हणून अर्धा तास चौकशी करत बसल्या.